नाव झाकून वाचताना



मी कविता लिहितो. बी.ए.ला मराठी घेतलं ते भाषेच्या प्रेमापोटी, असं मी मुलाखतींतून सांगतो. खरं कारण गणितापासून सुटका हेही होतं. त्यामुळे मी संख्याशास्त्रावर बोलणार आहे हे कळल्यावर घरात आधी हशा पिकला. मुलगी म्हणाली, ‘अब्बा, तुम्हाला दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब जमत नाही.’ ते खरंच आहे. तरीही बोलतो आहे, कारण दोन वर्षांपूर्वी आकड्यांनी माझी एक चोरी पकडली. आणि गंमत म्हणजे, आपण ती चोरी करतो आहोत याचा मला स्वतःलाच पत्ता नव्हता.

मी राहतो सीवूड्सला. हार्बर लाइनवर नेरूळच्या पुढचं स्टेशन. स्टेशनच्या डोक्यावरच मोठा मॉल उभा आहे, थोडं चाललं की पाम बीच रस्ता, त्यापलीकडे खाडी. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांचे फोटो काढणारेही. या सगळ्याच्या मधोमध करावे, दारावे ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं आहेत. नवी मुंबई ज्यांच्या शेतांवर वसली, त्यांची.

आमच्या भागातलं एक छोटं मंडळ दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांसाठी मराठी निबंधस्पर्धा घेतं. दहाबारा वर्षं मी तिचा परीक्षक आहे. मानधन म्हणजे शाल, नारळ आणि बटाटेवडा. त्या वर्षी विषय होता ‘माझ्या घरची भाषा’. अठ्ठावन्न निबंध आले. प्रत्येकाच्या माथ्यावर मुलाचं नाव, शाळा, इयत्ता. मी पन्नासपैकी गुण दिले, निकाल लागला आणि एका पालकांनी तक्रार केली की दुसऱ्या क्रमांकाचा निबंध पहिल्या क्रमांकाचा होता. पालकांची तक्रार म्हणजे मंडळाच्या लेखी भूकंपच. सर्व निबंध पुन्हा तपासायला बेलापूरच्या एका निवृत्त मराठीच्या बाईंकडे द्यायचं ठरलं. मूळ प्रती जपायच्या म्हणून झेरॉक्स काढल्या. दुकानातल्या पोरानं कागद सरकवून काढल्यामुळे प्रत्येक पानाचा वरचा पट्टा, म्हणजे नेमका नावाचा, कापला गेला. बाईंना मिळाले ते नुसते क्रमांक टाकलेले निबंध. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. निष्काळजीपणाचं असं गोमटं फळ मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

मंडळाचे खजिनदार आमच्याच इमारतीत राहतात. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. सकाळी खाडीकडे आम्ही बरोबर फिरायला जातो. एका सकाळी ते म्हणाले, ‘अहो कवी, चहाला घरी या. तुम्हाला काही दाखवायचंय.’

त्यांनी वहीत दोन रकाने आखले होते. एकात माझे गुण, दुसऱ्यात बाईंचे. तिसऱ्या रकान्यात वजाबाकी. म्हणाले, ‘एकोणपन्नास निबंधांत तुमचं आणि बाईंचं छान जमतं. कुठे तुम्ही दोन जास्त, कुठे त्या दोन जास्त. सरासरी फरक अर्ध्या गुणाचाही नाही. या नऊ निबंधांत मात्र तुम्ही बाईंपेक्षा सरासरी तीन गुण कमी दिलेत. हे नऊ कोण, ते बघा.’

मी बघितलं. शेख, मुल्ला, काझी, अन्सारी, पुन्हा शेख.

श्रोतेहो, माझं नाव तुम्ही निवेदकांच्या तोंडून ऐकलंच आहे. मी या मुलांना झुकतं माप देतो असा आरोप एखाद्यानं केला असता, तर मी भांडलो असतो, पण चकित झालो नसतो. त्या आरोपाची मला सवय आहे. उलटा आरोप कधी येईल, आणि तो वहीच्या रकान्यातून येईल, असं वाटलं नव्हतं.

साहजिकच मी बचावाला उभा राहिलो. म्हटलं, ‘योगायोग असेल. नऊच तर निबंध आहेत.’ सर म्हणाले, ‘असू शकेल. बघू या.’

त्यानंतर त्यांनी जे करायला लावलं ते मी आजवर केलेलं पहिलं आणि शेवटचं संख्याशास्त्र. अठ्ठावन्न चिठ्ठ्या करायच्या. प्रत्येकीवर एका निबंधाचा तो वजाबाकीचा आकडा लिहायचा. नाव नाही, फक्त आकडा. सगळ्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, भिशीच्या चिठ्ठ्या हलवतो तसा डबा हलवायचा, न बघता नऊ चिठ्ठ्या काढायच्या, त्यांची सरासरी लिहून ठेवायची. चिठ्ठ्या परत डब्यात. असं शंभर वेळा.

‘यानं काय होणार?’ मी विचारलं.

‘असं समजा की तुमच्या मनात नावाबद्दल खरोखर काही नाही,’ सर म्हणाले. ‘मग हे नऊ आणि दुसरे कोणतेही नऊ सारखेच. डब्यातून आंधळेपणानं काढलेल्या नऊ चिठ्ठ्यांतही तीन गुणांचा फरक बऱ्याचदा यायला हवा. आला, तर तुम्ही सुटलात.’

दोन संध्याकाळी आमच्या घरात हा खेळ चालला. बायको चिठ्ठ्या काढायची, मुलगी मोबाइलवर सरासरी करायची, मी लिहायचो. दहाव्या फेरीपर्यंत कंटाळा, तिसाव्यापर्यंत चुरस. शंभर फेऱ्यांत तीन किंवा त्याहून जास्त गुणांची घट फक्त तीनदा आली. बायको म्हणाली, ‘म्हणजे पकडले गेलात.’ सर तिच्याइतके कठोर नाहीत. म्हणाले, ‘हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. पण निव्वळ योगायोग म्हणून झटकून टाकावं इतकं हे हलकंही नाही.’ या चिठ्ठ्यांच्या युक्तीमागची कल्पना रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं 1935 साली प्रयोगांच्या आखणीवरच्या आपल्या पुस्तकात मांडली होती, हेही त्यांनीच सांगितलं. आता हे काम संगणक क्षणात हजारो वेळा करतो. मला मात्र तो स्टीलचा डबाच पटला. चिठ्ठ्या आपण स्वतः काढल्या असल्या की निकालाशी हुज्जत घालता येत नाही.

मग मी दुसरा बचाव मांडला आणि तो जास्त बळकट होता. म्हटलं, ‘सर, त्या मुलांच्या लिहिण्यात व्याकरणाच्या चुका जास्त असतात. ण आणि न, लिंगाचे घोटाळे. मी व्याकरणाला कडक आहे, बाई नाहीत. मी नावाला नाही, चुकांना गुण कापले.’

सर पहिल्यांदा हसले. ‘हा मुद्दा चांगला आहे. आणि याचं उत्तर तुमच्या डब्यात नाही.’

त्यांनी समजावलं ते असं. निबंध आणि नाव दोन्ही माझ्याकडे एकत्र आले. गुण कशाला कापले गेले, लिहिण्याला की नावाला, हे नंतर कितीही आकडेमोड केली तरी पूर्ण वेगळं करता येत नाही. ते वेगळं करायचं असेल तर नाव आणि निबंध यांची गाठ आधीच सोडवावी लागते. म्हणजे कुणाचाही निबंध, कुणाचंही नाव, आणि जोडी लावायची चिठ्ठी टाकून.

असा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. रेमा हन्ना आणि ली लिंडेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या एका शहरात मुलांची एक बक्षिसाची परीक्षा ठेवली. बक्षीस चांगलं घसघशीत होतं, म्हणजे गुणांना खरी किंमत होती. उत्तरपत्रिका तपासायला शिक्षक नेमले. प्रत्येक उत्तरपत्रिकेवर मुलाची माहिती सांगणारं पान होतं: वय, मुलगा की मुलगी, जात. पण ही माहिती त्या मुलाची नव्हतीच. ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठल्याही उत्तरपत्रिकेवर चिकटवलेली होती. तीच उत्तरं एका शिक्षकाकडे वरच्या जातीच्या मुलाची म्हणून गेली, दुसऱ्याकडे खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातीच्या मुलाची म्हणून. उत्तरं तीच असल्यामुळे गुणांत फरक पडला तर तो पानाचा, लिहिण्याचा नव्हे. त्यांचा निबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. फरक पडला होता. फार मोठा नाही, पण होता. खालच्या जातीचा शिक्का बसलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले.

इथवर आपल्याला आश्चर्य वाटत नाही. पुढचं ऐका. हे गुण कापले कुणी, हे त्यांनी शिक्षकांच्या जातीप्रमाणे पाहिलं. वरच्या जातींच्या शिक्षकांत हा भेद दिसला नाही. तो दिसला खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींतून आलेल्या शिक्षकांत. आणखी एक. हा भेद गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत जास्त होता. म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात मोजमाप अजून बसलेलं नसतं, चांगलं कशाला म्हणायचं ते चाचपडत असतो, तेव्हा तो पानावरच्या जातीचा आधार घेतो. पुढे हात बसला की उत्तराकडे बघू लागतो.

सरांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही खाडीच्या बांधावर होतो आणि मी बराच वेळ काही बोललो नाही. कारण त्या शिक्षकांची ओळख मला पटली होती.

मी कोकणातला. घरात कोकणी मुसलमानांची बोली, शाळेत मराठी. गेली तीसेक वर्षं माझ्या प्रत्येक काव्यवाचनानंतर कुणीतरी प्रेमानं जवळ येऊन म्हणतं, ‘तुम्ही इतकं शुद्ध मराठी कसं बोलता हो?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण तीस वर्षं हा प्रश्न ऐकला की माणूस स्वतःच्या तोंडावर पहारा बसवतो. ‘पाणी’ म्हणताना ण नीट वाजला ना, याकडे माझं आजही लक्ष असतं. तो पहारा मी त्या नऊ मुलांवरही बसवला होता. आपल्या मुलांनी इतरांपेक्षा जास्त चोख असलं पाहिजे, नाहीतर आपलं हसं होईल, असं काहीतरी. मनात हे वाक्य म्हणून कधी उमटलं नाही. ते सरळ लाल पेनातून उतरलं.

नऊमधला एक निबंध मी पुन्हा वाचला. मुलीनं लिहिलं होतं की तिची आजी पाण्याला ‘पानी’ म्हणते, शाळेत बाई ‘पाणी’ म्हणतात, आणि ती स्वतः घराच्या उंबऱ्यावर शब्द बदलते. उंबऱ्यावर शब्द बदलते! विषयच ‘माझ्या घरची भाषा’ असताना याहून नेमकं आणखी काय लिहायचं? मी ‘पानी’खाली लाल रेघ मारून समासात ‘शुद्धलेखन’ असं लिहिलं होतं. बाईंनी त्याच निबंधाला सात गुण जास्त दिले होते. बाईंच्या गुणांवर निकाल लागला असता तर ती तिसरी आली असती, आणि समारंभात तिनं तो निबंध माइकवर वाचला असता. मंडळानं मात्र फक्त तक्रारीतल्या दोन निबंधांपुरती फेरतपासणी धरली, आणि बाकीचा निकाल होता तसा राहिला.

या गोष्टीला पक्षपात म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. पक्षपात म्हटलं की मनात दुष्टपणा येतो. सरांनी मला सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगभर नाव झालेले संख्याशास्त्रज्ञ. शेतातल्या पिकाचा अंदाज काढायचा तर सगळं शेत कापून मोजत नाहीत. एक लहान तुकडा आखून तेवढाच कापतात. 1940 च्या दशकात सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरतं. का? तुकड्याच्या कडेवर उगवलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. तुकडा लहान असला की त्यात कडेचा वाटा मोठा, म्हणून चूकही मोठी. त्या मोजणाऱ्याला त्यातून दमडी मिळणार नव्हती. हात आपोआप एका बाजूला जात होता, इतकंच. शंभर ठिकाणी मोजलं तरी ही चूक एकमेकांत जिरत नाही, कारण ती सगळीकडे एकाच बाजूची असते. उपाय म्हणजे मोजणाऱ्याला उपदेश करणं नव्हे. तुकडा मोठा घेणं आणि कडेचा नियम आधी लिहून ठेवणं.

निबंधातलं ‘पानी’ हे माझ्या कडेवरचं रोप होतं. मी ते दर वेळी बाहेर टाकत होतो.

आता एक कबुली. सरांच्या या आकड्यांनी माझं एक लाडकं दुःखही हिरावून घेतलं. तरुणपणी मी एका नियतकालिकाला कविता पाठवली, ती परत आली. मग मी हिंदू वाटेल असं टोपणनाव घेऊन कविता पाठवली, ती छापली गेली. ही कथा मी पुढे कितीतरी व्यासपीठांवरून सांगितली आणि दर वेळी टाळ्या मिळाल्या. सरांना सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘कविता तीच होती का?’ नव्हती. दुसरी होती. खरं सांगायचं तर बरी होती. तेव्हा माझ्या नावामुळे कविता परत आली का? आली असेल. पण माझ्या गोष्टीवरून ते कळत नाही. एक कविता, एक संपादक, एक वेळ, आणि त्यातही कविता वेगळी. असे अन्याय होत नाहीत असं मी म्हणत नाही, ते होतातच. पण ज्या काट्यावर मी माझे गुण तोलले, त्याच काट्यावर माझी तक्रारही तोलली पाहिजे. तेव्हापासून ती कथा मी व्यासपीठावरून सांगत नाही. आज सांगितली ती अशी, उसवून.

नाव झाकणं, मोजमाप आधी ठरवणं आणि मगच निकाल उघडणं, याचं महाराष्ट्रातलं एक गाजलेलं उदाहरण पुण्यातलं आहे, आणि तेही मुलांच्या बुद्धीशी संबंधित. जन्मकुंडलीवरून माणसाची बुद्धी कळते, असं अनेक ज्योतिषी सांगतात. डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी ते तपासायचं ठरवलं. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे जणांच्या जन्मवेळा कार्यकर्त्यांनी गोळा केल्या. कुंडल्या तयार झाल्या. कुठली कुंडली कोणाची, ही माहिती क्रमांकाआड झाकून ठेवली. 2008 मध्ये जाहीर आवाहन केलं. 51 ज्योतिषी पुढे आले. प्रत्येकाला दोनशेतल्या वाटेल त्या 40 कुंडल्या पाठवल्या: यातलं हुशार मूल कोणतं आणि मतिमंद कोणतं, ते सांगा. 27 जणांनी उत्तरं पाठवली.

नाणं उडवत गेलं तरी चाळीसपैकी वीसएक उत्तरं बरोबर येतात. म्हणून कुणाचे बावीस आले म्हणजे तो ज्ञानी, असं म्हणता येत नाही. निदान 28 बरोबर हवीत, ही रेघ आखलेली होती. सर्वांत जास्त आले ते 24. सगळ्यांची सरासरी विसाच्याही खाली. एका ज्योतिषसंस्थेनं पूर्ण दोनशे कुंडल्या पाहिल्या. तिची बरोबर उत्तरं 102. हा अभ्यास 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. पुढे 2013 मध्ये पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. 2025 मध्ये नारळीकर गेले.

ज्योतिषाचं काय व्हायचं ते होवो, मला त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. हा प्रयोग करणाऱ्यांचं मत सगळ्या महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक होतं. त्यांना काय निघावंसं वाटत होतं, हे लपलेलं नव्हतं. म्हणून तर त्यांनी क्रमांक झाकले, कुंडल्यांचं वाटप चिठ्ठ्यांवर सोडलं आणि रेघ आखून ठेवली: उद्या निकाल त्यांच्या मताविरुद्ध गेला असता तर त्यांना पळवाट राहिली नसती. ज्याचं मत ठाम आहे त्यानं स्वतःचेच हात बांधून घ्यायचे, हे मला कविता लिहिणाऱ्यालाही समजलं.

पण प्रत्येक गोष्ट झाकता येत नाही. कागदावरचं नाव झाकता येतं. वर्गात शिकवायला आलेली नवी ताई मुलांपासून कशी झाकणार? तिथे सरांचा डबाच कामाला येतो. ‘प्रथम’ ही संस्था मुंबईत सुरू झाली, 1990 च्या दशकात. तिचा बालसखी नावाचा कार्यक्रम होता. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली मुलगी शाळेत यायची, तिसरी-चौथीला येऊनही अक्षरओळख न झालेली पंधरा-वीस मुलं बाजूला घेऊन रोज दोन तास वाचन आणि बेरीज-वजाबाकी शिकवायची. तिचं मानधन तेव्हा महिना 500 ते 750 रुपये. प्रश्न असा की याचा उपयोग होतो का?

आपण म्हणू, मुलांची आधी परीक्षा घ्या, वर्षानंतर पुन्हा घ्या, गुण वाढले तर उपयोग झाला. इथेच फसगत आहे. वर्गातली सर्वांत कमी गुणांची मुलं निवडली तर त्यांतली काही खरंच मागे असतात आणि काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो: ताप होता, रात्री घरात भांडण झालं होतं, पेन्सिल नव्हती. पुढच्या परीक्षेला त्यांचे गुण वाढणारच, कुणी काही शिकवलं नाही तरी. डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञानं इस्रायलच्या हवाई दलात हेच पाहिलं होतं. प्रशिक्षक म्हणत, वाईट उड्डाणावर ओरडलं की पुढचं उड्डाण सुधारतं, चांगल्याचं कौतुक केलं की पुढचं बिघडतं. प्रत्यक्षात ओरडण्याचा किंवा कौतुकाचा संबंध नव्हता. फार वाईटानंतर सहसा बरं येतं आणि फार चांगल्यानंतर साधारण. आपल्याकडच्या किती छड्या या गैरसमजावर चालल्या असतील, याचा हिशेब कोण करणार!

म्हणून तुलना हवी, आणि तुलनेतली मुलं तशीच हवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन यांनी प्रथमबरोबर बडोद्यात आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत हे मोजलं. लिंडेन म्हणजे मघाच्या प्रयोगातलेच. शाळांची वाटणी यदृच्छेनं केली, म्हणजे जणू चिठ्ठ्या टाकून. अर्ध्या शाळांत एका इयत्तेला बालसखी, उरलेल्या अर्ध्यांत दुसऱ्या इयत्तेला. एकाही शाळेला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही, आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी तशीच दुसरी मुलं मिळाली. हे मला फार आवडलं. गरीब मुलांवर प्रयोग करायचा आणि निम्म्यांना उपाशी ठेवायचं, ही शंका माझ्या मनात होती. तिचं उत्तर आखणीतच होतं. निष्कर्ष 2007 मध्ये छापून आले. गुण वाढले. पहिल्या वर्षी माफक, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, आणि वाढले ते मुख्यतः मागे पडलेल्या मुलांचेच. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्यांनी लपवलं नाही. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाताई मराठी. हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही; मीही माणूसच आहे, आपलं माणूस दिसलं की माझा काटा झुकतो.

आमच्या मंडळात गेल्या वर्षापासून पद्धत बदलली. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी आसन क्रमांक असतो, तसा निबंधांवर क्रमांक असतो. दोन परीक्षक, एकमेकांचे गुण न बघता. दोघांकडे गठ्ठा वेगवेगळ्या क्रमानं लावलेला, म्हणजे सुरुवातीच्या चाचपडण्याचा फटका त्याच मुलांना दोनदा बसू नये. आणि गुण कशाचे किती, हे निबंध येण्याआधी लिहून लिफाफ्यात बंद. एका सभासदानं हरकत घेतली होती: नाव झाकलं तर मुलाची परिस्थितीही झाकली जाते, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाचा निबंध आणि प्राध्यापकाच्या मुलीचा निबंध एकाच मापानं कसा मोजायचा? हरकत खरी आहे. तिला आमच्याकडे उत्तर नाही. सरांकडेही नाही, ते म्हणाले, माप एक असावं की दोन हे तुम्ही ठरवा, मी फक्त ते माप हलत नाही ना एवढं बघू शकतो.

सरांनी मला आणखी एक काम दिलं होतं. प्रत्येक निबंध वाचताना हे मूल कोण असेल, हा अंदाज मी पेन्सिलीनं वेगळ्या कागदावर लिहायचा. नाव झाकलं तरी मन वास घेत राहतं, ते किती घेतं ते पाहू म्हणाले. एका निबंधात तीनदा ‘पानी’ होतं, एकदा ‘कोन’. मी लिहिलं: मुसलमान मुलगा, बहुधा कोकणातला. माझी खात्री होती. वाचताना जरा मायाही वाटली आणि मग त्या मायेची भीतीही वाटली.

लिफाफा उघडला. मुलगा करावे गावातला निघाला, आगरी, इथलाच, सिडको यायच्या कितीतरी आधीपासून त्याचं घर इथे. ‘पानी’ ही त्याच्या आजीची बोली.

आता पुढच्या स्पर्धेआधी नियम लिहायचा आहे: घरची बोली निबंधात आली तर गुण कापायचे की नाही. दोन बैठका झाल्या, ठरलेलं नाही. बेलापूरच्या बाई म्हणतात, कापू नयेत. तक्रार करणारे ते पालक आता समितीवर आहेत, ते म्हणतात, मग शुद्ध मराठी शिकवायची कुणी? माझं मत विचारलं, तेव्हा मी आधी ती जुनी लाल रेघ मारलेली प्रत सगळ्यांना वाचायला दिली. नाव झाकून.